१६ पोर्टचा हाय-स्पीड स्विच डिझाइन करायचाय, सुरुवात कुठून करू?

डोंबिवलीकर_ईसी:
नमस्कार मंडळी, मुंबईत एमई करतोय, गाईडनी ब्रॉडबँडसाठी १६ पोर्टचा, दर पोर्ट १० गिगाबिटचा स्विच दिलाय. शेअर्ड मेमरी (सगळ्या पोर्टची पॅकेटं एकाच मेमरीत) घेऊ की क्रॉसबार (प्रत्येक इनपुट हव्या त्या आउटपुटला थेट जोडणारी जाळी)? एटीएमचं (पैशाचं नाही, जुनं टेलिकॉम नेटवर्क तंत्र) वाचायला घेतलं तर मित्र म्हणतो ते कधीच मेलं, मग त्यातले ५३ बाइटचे सेल (ठरलेल्या मापाचे छोटे तुकडे) शिकून काय करू? आणि शनिवारी लॅमिंग्टन रोडला एफपीजीए बोर्ड (हवं ते सर्किट आत बसवता येणाऱ्या चिपचा) घ्यायला जातोय, कुठला घेऊ, बजेट फार नाहीये.

जुना_टेलिकॉमवाला:
शनिवारी घरी बस, पैसे ठेव. आधी कागदावर गणित कर. १० गिगाबिटला ६४ बाइटचं सगळ्यात छोटं पॅकेट, प्रिअँबल (पॅकेटच्या आधीचे खुणेचे बिट) आणि दोन पॅकेटांमधली गॅप धरून, दर ६७.२ नॅनोसेकंदाला एक येतं. शेअर्ड मेमरीत तेवढ्यात १६ लिहायची नि १६ वाचायची म्हणजे एकेकाला जेमतेम २.१ नॅनोसेकंद, बाहेरच्या डीरॅमचं (मोठी पण हळू मेमरी) ते कामच नाही. चिपच्या आतल्या रुंद एसरॅमवर (छोटी पण वेगवान मेमरी) जमतं, पण पोर्ट वाढवायचे म्हटले की परत बोंब. क्रॉसबार घे. एटीएम गेलं खरं, पण एकाच मापाच्या सेलची आयडिया गेलेली नाही, मोठ्या राउटरमधे पॅकेट आत शिरलं की तुकडे करूनच पुढे पाठवतात. तेवढंच वाच.

चाळीतली_इंजिनिअर:
क्रॉसबारच, पण इनपुटला एकच फिफो (आधी आला तो आधी जाणार अशी रांग) लावू नकोस हां. सिग्नलला तुला डावीकडे वळायचंय, डावी बाजू मोकळी, पण पुढ्यात सरळ जाणारी बेस्टची बस उभी, अगदी तसं होतं. हेड-ऑफ-लाइन ब्लॉकिंग. ट्रॅफिक सगळीकडे सारखं वाटलेलं असलं तरी पोर्ट वाढत गेले की थ्रूपुट (क्षमतेपैकी खरोखर पुढे जाणारं ट्रॅफिक) ५८.६ टक्क्यांवर येऊन बसतो, १९८७ सालीच दाखवलंय. म्हणून दर इनपुटला प्रत्येक आउटपुटची वेगळी रांग ठेव, वर्च्युअल आउटपुट क्यू, आणि शेड्युलर (कुठला इनपुट कुठल्या आउटपुटला जोडायचा ते ठरवणारा) आयस्लिप, त्यात प्रत्येक आउटपुट फिरत्या पॉइंटरने एका इनपुटला ग्रँट म्हणजे परवानगी देतं आणि इनपुट आलेल्यांतला एक घेतो. आधी सी प्लस प्लसमधे साधा टाइमस्लॉटवाला सिम्युलेटर लिही. फिफोचं मॉडेल ४ पोर्टला साधारण ६५.५ टक्क्यांवर अडकलं तर कोड बरोबर समज.

पनवेल_पॅकेट:
फॉलो करतोय, माझी पण सेम केस

डोंबिवलीकर_ईसी:
फिफोला ६५.६ आलं!! पण आयस्लिप १६ पोर्टला ६३-६४ टक्क्यांच्या पुढे सरकतच नाही, रात्री दोनपर्यंत बसलोय, डोकं बंद पडलंय.

चाळीतली_इंजिनिअर:
पॉइंटर कधी सरकवतोस? ग्रँट दिला की लगेच? इथेच सगळे आपटतात. इनपुटने तो ग्रँट घेतला तरच सरकव, तेही पहिल्याच इटरेशनला (फेरीला). नाहीतर सगळ्या आउटपुटचे पॉइंटर एकत्र पळतात आणि सगळे मिळून एकाच इनपुटच्या मागे लागतात, बाकीचे बसलेत रिकामे.

डोंबिवलीकर_ईसी:
ताई तेच होतं, एक ओळ इफच्या आत घेतली आणि ९९ टक्के लोडला पण रांगा आवरतायत, डिले वाढतो पण फुटत नाही. आता गाईड म्हणतायत बर्स्टी ट्रॅफिक (झुंडीने येणारं) टाकून दाखव 😐

जुना_टेलिकॉमवाला:
ऑन-ऑफ सोर्स (थोडा वेळ सलग सेल, मग थोडा वेळ काहीच नाही) लाव, सरासरी बर्स्ट १६, ३२, ६४ सेल. आणि बोर्ड आधी कॉलेजच्या लॅबच्या कपाटात बघ, तिथेच धूळ खात पडलेला असेल.