हिमनग : यातला 'नग' कोणता?

हिमनग म्हणजे बर्फाचा नग, म्हणजे तुकडा, असंच मी आजवर धरून चालले होते. दुकानात 'बारा नग द्या' म्हणतो तोच ना हा? की वेगळा?

– नाही, वेगळा. हा नग संस्कृतातला, न + ग, जो जात नाही, जागचा हलत नाही तो नग, म्हणून डोंगर. झाडालाही नग म्हटलंय ते त्याच कारणाने, आणि हिमालयाला नगाधिराज म्हणतो त्यातला नग हाच. तर हिमनग म्हणजे बर्फाचा डोंगर. इंग्रजीतला आइसबर्ग डचमधून आलाय, त्यातल्या बर्गचा अर्थही डोंगरच. मला यातली भारी गोष्ट ही वाटते की न हलणाऱ्याचं नाव मिळालं ते सतत वाहत जाणाऱ्या बर्फाला! १९१२ मध्ये टायटॅनिकला धडकलेला हिमनग ग्रीनलंडकडून वाहत वाहत पार अटलांटिकमध्ये उतरला होता. अंटार्क्टिकातला ए-२३-ए नावाचा हिमनग मात्र १९८६ मध्ये तुटला आणि लगेच समुद्राच्या तळाला टेकला, मग तीसहून जास्त वर्षं तिथेच रुतून होता, २०२० च्या सुमारास कुठे सुटला.

पण तुकडा हा अर्थ डोक्यात का बसतो तेही कळतं, कारण हिमनग हा हिमनदीचा नाहीतर समुद्रावर पसरलेल्या बर्फाच्या थराचा तुटलेला तुकडाच असतो.

– बातम्यांमध्ये हिमनदी, हिमनग, हिमकडा सगळं एकच करून टाकतात त्याचं काय? २०२१ ला उत्तराखंडातल्या चमोलीत पूर आला तेव्हा 'हिमनदी फुटली' चाललं होतं.

– हो, आणि ते चुकीचंच होतं. नंतरच्या अभ्यासात दिसलं की रोंती शिखराच्या उतारावरून खडक आणि बर्फ एकत्रच सुटला, त्यात खडकच जास्त, मग तो सगळा लोंढा ऋषिगंगेत उतरला. त्याला हिमकडा कोसळला म्हटलं तर निदान जवळ जातं, पण खडकाचा कडा म्हणणं जास्त बरोबर. हिमनदी म्हणजे जमिनीवरून स्वतःच्या वजनाने हळूहळू सरकणारा बर्फ, हिमनग म्हणजे पाण्यात तरंगणारा, एवढा फरक तरी पाळायलाच हवा.

– हिमनदीला गढवालकडे बामक म्हणतात, उदा. डोक्रियानी बामक. आणि हिमाचलातल्या लाहौलकडे शिग्री, बडा शिग्री, छोटा शिग्री. ट्रेकला जाणाऱ्यांनी हे शब्द वापरावेत, नुसतं ग्लेशियर ग्लेशियर करू नये.