उत्तर: दहा मिनिटं उकळलं की निर्जंतुक?

वर म्हटलंय की आंबवण्याची भांडी दहा मिनिटं उकळली की ती निर्जंतुक होतात. नाही होत. उकळण्याने वाढत्या अवस्थेतले जंतू आणि यीस्ट मरतात, पण बॅसिलस, क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूंचे बीजाणू (त्यांची कवचबंद, सुप्त रूपं) १०० अंशांना टिकून राहतात. ते मारायचे तर प्रेशर कुकरसारखी दाबाखालची वाफ हवी: १५ पीएसआय (दाबाचं एकक), १२१ अंश, किमान १५ मिनिटं. वेळ मोजायची ती आतला माल तापल्यावर, आणि दाब चढवण्याआधी आतली हवा पूर्ण बाहेर काढायची. हवा अडकली तर दाबाचा काटा १५ दाखवतो, तापमान मात्र कमीच राहतं. बहुतेकांची गफलत इथेच होते.

अर्थात, आंबवण्याच्या बरणीला एवढं लागतच नाही. तिथे सॅनिटाइझ करणं, म्हणजे जंतूंची संख्या निरुपद्रवी पातळीवर आणणं, पुरतं. पुढचं काम आपलं विरजण किंवा यीस्ट करतं. यीस्ट किंवा बुरशीचं शुद्ध कल्चर (दुसऱ्या जंतूंची भेसळ नसलेली वाढ) वाढवायचं असेल तरच निर्जंतुकीकरणाला पर्याय नाही.

सॅनिटाइझ करण्याआधी घासून धुणं सक्तीचं. चिकटा राहिला तर क्लोरीन त्यातच खर्ची पडतं. ५ टक्क्यांचं साधं, बिनवासाचं ब्लीच लिटरभर गार पाण्यात २ मिली टाकलं की साधारण १०० पीपीएम (दहा लाख भागांत १०० भाग) क्लोरीन होतं. त्यात दोन मिनिटं बुडवून निथळू द्या. व्हिनेगर चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. चरे पडलेली प्लास्टिकची नळी सरळ फेकून द्या, चऱ्यांच्या आत द्रावण नीट पोचत नाही.