स्तन काढल्यावर पुनर्रचना: रेडिएशनही होणार आणि वावरातलं कामही, मग काय निवडावं?

नणंद, यवतमाळ जिल्हा

वहिनीसाठी विचारते आहे. वय 38, आर्णी तालुक्यात राहते. उजव्या स्तनात 4 सेंटीमीटरची गाठ होती, काखेतही गाठी. केमोचा शेवटचा डोस पुढच्या महिन्यात आहे. मग स्तन काढायचा आणि नंतर रेडिएशन, असं सांगितलंय. अंगाने किडकिडीत आहे, दोन सिझर झालेत, शुगर नाही. खर्रा (तंबाखू-सुपारीचा) खाते. वावर तीच पाहते: निंदण, फवारणी, वेचणी सगळं.

स्तन पुन्हा बनवायचा तर त्याच ऑपरेशनमध्ये की नंतर? सिलिकॉन बरं की अंगातलं मांस? नंतर वावरात जाता येईल का? घरी म्हणतात हे शौकाचं ऑपरेशन आहे, यानं आजार परत येतो. खरं आहे का?

प्लास्टिक सर्जन, नागपूर

ताई, शेवटचं आधी. पुनर्रचनेमुळे कॅन्सर परत येत नाही आणि परत आला तर तो झाकलाही जात नाही. शौकाचा तर प्रश्नच नाही, हा कॅन्सरच्या उपचाराचाच भाग आहे.

केमो संपल्यावर गाठ किती आक्रसली ते पाहून स्तन वाचवता येतो का, हे सर्जनना सरळ विचारा. 4 सेंटीमीटरची एकच गाठ असेल आणि ती चांगली लहान झाली असेल, तर फक्त गाठ काढून उरलेल्या स्तनाला आकार देता येतो. रेडिएशन तर तसंही द्यायचंच आहे. गाठी अनेक असतील किंवा त्वचा, स्तनाग्र धरलं असेल, तर मात्र सहसा पूर्ण काढावा लागतो.

पूर्ण काढावा लागला तर वहिनींच्या बाबतीत सगळं रेडिएशनभोवती फिरतं. सिलिकॉनभोवती शरीर एक पातळ पडदा तयार करतं. रेडिएशनने तो जाड होऊन आवळतो, मग स्तन कडक होतो, वर सरकतो, दुखतो. त्वचा पातळ होऊन इम्प्लांट उघडं पडण्याचा धोकाही वाढतो. एक्सपांडर म्हणजे आधी रिकामी पिशवी बसवून दर एक-दोन आठवड्यांनी सुईने 50 ते 100 मिली सलाईन भरत त्वचा ताणायची आणि नंतर पिशवी काढून इम्प्लांट ठेवायचं. आर्णीहून त्यासाठी किती चकरा होतील ते तुम्हीच पाहा. शिवाय इम्प्लांट जन्मभराचं नसतं. ते आतल्या आत फाटलं तर बाहेरून कळत नाही, म्हणून 5-6 वर्षांनी पहिली आणि पुढे दर 2-3 वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावी, अशी अमेरिकेच्या एफडीएची शिफारस आहे. रेडिएशन ठरलेलं असताना नुसतं इम्प्लांट मी सुचवणार नाही.

अंगातलं मांस (त्यालाच फ्लॅप म्हणतात) घ्यायचं तर दोन मुख्य जागा. पोटाची त्वचा आणि चरबी, स्नायू न कापता, बारीक रक्तवाहिन्यांसकट काढून छातीतल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडायची, हा डीआयईपी फ्लॅप. ऑपरेशन 6 ते 10 तासांचं. पहिले एक-दोन दिवस तासातासाला फ्लॅपचा रंग, ऊब आणि रक्तप्रवाह पाहावा लागतो, कारण जोडलेल्या शिरेत गुठळी झाली तर काही तासांतच परत थिएटरमध्ये न्यावं लागतं. सिझरचा आडवा टाका सहसा आड येत नाही. पण वहिनी किडकिडीत आहेत, पोटावर पुरेशी चरबी आहे का हे चिमटीत धरूनच कळेल.

दुसरी जागा पाठ. पाठीचा रुंद स्नायू वर थोड्या त्वचेसह सोडवून काखेखालून पुढे वळवतात. रक्तवाहिनी तोडावी लागत नाही, म्हणून हा एलडी फ्लॅप दगा कमी देतो आणि 3 ते 5 तासांत होतो. लहान स्तनाला पुरतो. कमी पडला तर पुढे दर 3 महिन्यांनी मांडीची चरबी सुईने भरतात. त्यातली बरीचशी विरते, म्हणून दोन-तीनदा भरावी लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एलडीला रक्त पुरवणारी वाहिनी काखेतूनच जाते, आणि काखेच्या गाठी काढतानाच ती बांधली जाऊ शकते. म्हणून स्तन काढण्याच्या आधी सर्जनना सांगा: "पुढे एलडी करायचा विचार आहे, थोरॅकोडॉर्सल वाहिनी आणि नस राखा, आणि तसं ऑपरेशन नोटमध्ये लिहा." तो कागद जपून ठेवा. नोंद नसेल तर रुग्णाला हात कंबरेवर दाबून खोकायला लावतात आणि काखेच्या मागची कड बोटांत आवळते का ते पाहतात. आवळली तर नस शाबूत आहे, आणि सोबतची वाहिनीही बहुधा असते.

वेळेचं म्हणाल तर आधी स्तन काढणं, मग रेडिएशन, आणि पुनर्रचना रेडिएशन संपल्यावर 6 महिने ते वर्षभराने. लगेच केलं आणि जखम चिघळली तर रेडिएशन लांबतं, ते परवडत नाही.

ऑन्को नर्स, वर्धा

खर्रा बंद, ताई. कमी नाही, बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि फ्लॅपची कड काळी पडते, टाके उसवतात. ऑपरेशनआधी किमान 4 आठवडे आणि नंतरही तितकेच. "धूर नाही ना, मग काय होतं" असं बायका म्हणतात, पण निकोटिन तेच. तपकीर, मिश्री, गुडाखूही त्यातच आलं. भूल देण्याआधी हे लपवू नका.

घरी येताना जखमेतलं पाणी ओढून घेणारी नळी आणि फुगा असतो. हात धुवा, नळीचं वरचं टोक एका हाताने घट्ट धरून दुसऱ्या हाताच्या बोटांनी गुठळ्या खाली सारा, फुगा मापात ओता, मिली वहीत लिहा. मग फुगा पूर्ण दाबून बूच लावा. बहुतेक गडबड इथेच होते: फुगा न दाबता बूच लावलं की ओढ राहत नाही, पाणी आत साचतं. लागोपाठ दोन दिवस 24 तासांत 30 मिलीपेक्षा कमी आलं की नळी काढतात. पाठीची नळी जास्त दिवस राहते, दोन-तीन आठवडे धरून चला. फुगा परकराच्या नाडीला सेफ्टी पिनने अडकवा, लोंबू देऊ नका.

आणखी एक. नव्या स्तनाला स्पर्श कळत नाही किंवा फार कमी कळतो. गरम पाण्याची पिशवी किंवा शेगडीचा शेक दिला तर चामडी भाजेल आणि कळणारही नाही. हळद-तेलही नको.

ताप, लाली पसरणं, पू, किंवा फ्लॅप निळा-काळा किंवा पांढराफटक पडणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी निघा, सोमवारच्या ओपीडीची वाट पाहू नका.

नणंद, यवतमाळ जिल्हा

खूप धन्यवाद जी. म्हणजे मध्ये वर्षभर तरी जाईल. तोवर ब्लाऊजचं काय करायचं? आणि फवारणीचा पंप पाठीवर घेता येईल का?

फिजिओथेरपिस्ट, अकोला

पंप नकोच. 16 लिटरचा भरलेला पंप 20 किलोच्या आसपास जातो, पट्टा नेमका एलडीच्या वणावर आणि काखेच्या बाजूवर बसतो. काखेच्या गाठी काढल्या आणि वर रेडिएशन झालं की हात सुजण्याचा धोका कायमचा राहतो. फवारणी घरच्या दुसऱ्या कुणाकडे द्या.

पहिल्या दिवसापासून मूठ उघडझाप, मनगट, कोपर. नळ्या असेपर्यंत हात खांद्याच्या वर नाही. नळ्या निघाल्या की भिंतीवर बोटांनी चढायचं, रोज खडूने खूण करून. 6 आठवडे 2 किलोच्या वर उचलायचं नाही, म्हणजे भरलेली घागर अजिबात नाही. 3 महिन्यांनी निंदण, वेचणी हळूहळू चालू होते. एलडीनंतर रोजची कामं होतात, पण डोक्याच्या वरून खाली जोर लावून ओढणं, विहिरीतून बादली काढणं, यात दम कमी पडतो. पोटाचा फ्लॅप घेतला तर अडचण वेगळी: वेचणीची ओटी कंबरेला बांधतात आणि कापसाचं ओझं थेट टाक्यावर येतं. ओटीऐवजी पोतं जवळ ठेवून वेचावं.

बोंडाच्या टोकांनी बोटं फुटतात. ऑपरेशनच्या बाजूच्या हाताला हातमोजा घाला. ओरखडा साबणाने धुवा. हात लाल, गरम झाला तर अँटिबायोटिक त्याच दिवशी लागतं.

ऑन्को नर्स, वर्धा

ब्लाऊजसाठी: पहिले 6-8 आठवडे मऊ सुती पॅड, जखम भरली की सिलिकॉनचं. त्यासाठी खिसा असलेली ब्रा लागते, साध्या ब्राला सुती खिसा शिवून घेतला तरी चालतं. नुसता कापूस भरलेलं पॅड हलकं असतं, ब्रा त्या बाजूने वर चढते, म्हणून त्यात थोडं वजन हवं. उन्हाळ्यात सिलिकॉनखाली घाम साचून घामोळं येतं, वावरात सुतीच वापरा. रेडिएशन चालू असताना सिलिकॉन त्वचेवर नकोच.

पुनर्रचना नकोच असं वहिनींनी ठरवलं तर तेही पूर्ण बरोबर आहे. तेव्हा सर्जनना सांगायचं की छाती सपाट, नीट शिवा, काखेखाली जादा चामडीची घडी सोडू नका. ती घडी ब्लाऊजच्या बाहीत रोज घासते.

पैशाचं: महात्मा जोतिराव फुले योजनेसाठी रेशन कार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. स्तन काढणं आणि पुनर्रचना वेगवेगळ्या वेळी होणार, म्हणून दुसऱ्याची पूर्वमंजुरी मिळेल का हे आत्ताच विचारा. खासगी विमा असेल तर कॉस्मेटिक सर्जरी वगळणाऱ्या कलमातच अपघात, भाजणं आणि कॅन्सरनंतरच्या पुनर्रचनेला सूट दिलेली असते. म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर "कर्करोगानंतरची स्तन पुनर्रचना" असं स्पष्ट लिहून घ्या. रेल्वेने जाणार असाल तर कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-एसीत पूर्ण, सोबत्याला 75 टक्के सवलत आहे, दवाखान्याकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला भरून घ्यायचा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच.

प्लास्टिक सर्जन, नागपूर

एक राहिलं. टॅमॉक्सिफेनसारखी हार्मोन रोखणारी गोळी चालू असेल तर पोटाच्या फ्लॅपआधी ती काही आठवडे थांबवावी लागू शकते, रक्ताच्या गुठळीच्या भीतीने. पण स्वतःहून थांबवायची नाही, कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच. आणि दुसऱ्या बाजूचा स्तन मोठा वाटत असेल तर तो लहान करून दोन्ही जुळवता येतात. स्तनाग्र सगळ्यात शेवटी, आकार बसल्यावर.