गांडुळाचे दोन तुकडे आणि डार्विनचा पियानो

गांडूळ मधोमध कापलं की त्याची दोन गांडुळं होतात, असं एकांनी लिहिलेलं वाचलं. तसं होत नाही. डोक्याकडचा पुरेसा भाग शाबूत राहिला तर त्याला कधीकधी नवी शेपटी फुटते, पण शेपटीकडचा तुकडा बहुधा मरतो. कृपा करून मुलांना हे करून पाहायला सांगू नका.

डार्विनने त्याचं शेवटचं पुस्तक (1881) गांडुळांवर लिहिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. कुंडीतल्या गांडुळांसमोर त्याने शिट्टी वाजवली, बासून नावाचं फुंकून वाजवायचं वाद्य वाजवून पाहिलं, ती ढिम्म. तीच कुंडी पियानोवर ठेवून एक सूर दाबला आणि ती झटक्यात बिळात गेली! कान नाहीत, पण कंप थेट अंगाला कळतो. श्वासही ओलसर त्वचेतूनच, फुप्फुसं नाहीतच.

गांडुळाला दात नसल्यामुळे मातीबरोबर गिळलेली वाळू त्याच्या पेषणीत (अन्न दळणाऱ्या पोटाच्या भागात) पाल्याचा भुगा करते. मागे पडणाऱ्या विष्ठेत नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) पिकाला सहज घेता येईल अशा रूपात असतं, आणि बिळांमधून पाणी, हवा मुळांपर्यंत पोचते.

मात्र 'गांडूळ सगळीकडे उपकारकच' हे मला पटत नाही. उत्तर अमेरिकेच्या उत्तरेकडच्या जंगलांत हिमयुगानंतर गांडुळं उरलीच नव्हती. युरोपातून आलेल्या गांडुळांनी तिथला पालापाचोळ्याचा जाड थर फस्त केला आणि त्यात रुजणारी रोपटी उघडी पडली. त्यामुळे परकी गांडुळं जंगलात नेऊन सोडू नयेत.