हेलिओस ४४-२ घ्यावी की ४४एम-४?

प्रश्न: मिररलेस कॅमेऱ्याच्या बॉडीवर एम४२ (जुन्या स्क्रू माउंटच्या) अडॅप्टरने ५८ एमएम एफ/२ हेलिओस ही जुनी सोव्हिएत लेन्स लावायची आहे. कोणती बरी?

उत्तर १: डोळे झाकून ४४-२. प्रीसेट अ‍ॅपर्चर (प्रकाशाचं छिद्र रिंगने हातानेच लहान-मोठं करायचं), त्याला ८ पाती, पिनची भानगड नाही. ४४एम-४ ला ६ पाती, ए/एम (ऑटो/मॅन्युअल) स्विचही नाही. अडॅप्टरला आतली कड नसेल तर छिद्र लहान करणारी मागची पिन दाबली जात नाही आणि लेन्स एफ/२ वरच पूर्ण उघडी राहते.

उत्तर २: भोवऱ्यासारखी पार्श्वभूमी दोन्ही देतात: एफ/२, माणूस दीड मीटरवर, मागे पानांची गर्दी. मात्र एमसी (अनेक थरांच्या) कोटिंगची ४४एम-४ उन्हासमोर कॉन्ट्रास्ट जास्त टिकवते.

उत्तर ३: घेताना फोकस रिंग पूर्ण फिरवून बघा, जड लागली तर ग्रीस सुकलंय. पात्यांवर तेलाची चमक असेल तर ४४-२ चालून जाते, एम-४ ची पाती चिकटतात.