प्रति: स्फुरद (फॉस्फरस) कमी, मग भात कुठला?
कसालथ या पारंपरिक भाताच्या वाणाचं जनुक असलेला भात लावला तर डीएपी (स्फुरद देणारं खत) बंद करता येईल का, असं वर विचारलंय. नाही येणार. 2012 मध्ये ओळखलेलं कसालथचं हे जनुक, पीस्टॉल1, रोपाची मुळं सुरुवातीलाच वाढवतं. रानात नसलेलं स्फुरद ते कुठून आणणार? सोलापूरच्या चुनखडीच्या काळ्या रानात स्फुरद कॅल्शियमशी बांधलं जातं, तिथं लांब मुळांचा उपयोग होऊ शकतो, पण आधी माती तपासा.

वाणाच्या निवडीत घात होतो तो खत घातलेल्या वाफ्यातच निवड केल्यानं. तिथं सगळ्याच ओळी (निवडीसाठी लावलेली वेगवेगळी बियाणं) चांगल्या दिसतात. त्याच ओळी दोन वाफ्यांत लावा, एकात स्फुरद शून्य. नत्र, पालाश, हेक्टरी 25 किलो झिंक सल्फेट दोन्हीकडे सारखं. दर दहा ओळींनी ओळखीचा वाण तुलनेला हवाच. जुन्या उकिरड्याची जागा टाळा, तिथं साधी ओळही गुणी वाटते.

चाळिसाव्या दिवशी फुटवे मोजा. स्फुरद कमी पडलेलं रोप खुजं, ताठ आणि गर्द हिरवं असतं. त्या रंगाला भुलू नका. पेरभातात (रोपं न लावता थेट पेरलेल्या भातात) कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. त्यावर हे जनुक चालत नाही, 0.5 टक्के फेरस सल्फेट फवारा.