सौर वीज स्वस्त झाली म्हणून कोळसा सुटत नाही : चंद्रपूरहून एक उत्तर

वर्धाकाठ (धागाकर्ता) :
काल येथे एका सदस्याने लिहिले की सौर वीज कोळशाच्या विजेपेक्षा स्वस्त झाल्यामुळे ऊर्जाबदलात आर्थिक अडचण अशी उरलेलीच नाही. जे अजून कोळशाचे नाव घेतात ते बदलाला घाबरतात. मी चंद्रपूर जिल्ह्यातला आहे. हे वाक्य मला लागले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात सौर विजेचा दर युनिटमागे १ रुपया ९९ पैशांपर्यंत उतरला, हे मान्य. परंतु तो दर उन्हाच्या वेळचा आहे. दिवेलागणीला मागणी चढते तेव्हा वीज साठवलेली असावी लागते आणि साठवणुकीचा खर्च धरला की हिशेब बदलतो. रात्री खालचे पाणी वर चढवून गरजेच्या वेळी सोडणारा आपला घाटघर प्रकल्प २५० मेगावॉटचा आहे. एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे.

आता माणसांविषयी. माझे वडील भूमिगत खाणीत होते. खाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वजनकाट्याजवळ, माझ्या मेहुण्याचे टायर-पंक्चरचे दुकान आहे. ट्रकचालक ताडपत्रीची दोरी आवळत असतो तेवढ्या वेळात हा गुडघ्यावर बसून चाक पाहून घेतो. खाण बंद झाली तर कायम कामगाराची बदली होईल, पण मेहुण्याचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही. जर्मनीने २०२० मध्ये २०३८ पर्यंत कोळसा सोडण्याचा कायदा केला, तेव्हा कोळसापट्ट्यांसाठी ४० अब्ज युरोपर्यंतची तरतूदही त्याच वर्षी केली. आपल्याकडे अशी तरतूद कुठे आहे, ते आधी दाखवावे आणि मग आम्हाला भित्रे म्हणावे.

वैजापूरचा शेतकरी :
भित्रे म्हणणे चुकीचेच होते. पण आपला सगळा लेख वजनकाट्याजवळ थांबतो. आमच्याकडे एक आठवडा दिवसाची आणि एक आठवडा रात्रीची लाइट असे. रात्री दोनला उठून वडील बॅटरी घेऊन गव्हाला दारे धरायला जात. एका रात्री बांधावर त्यांना घोणस चावला. ते वाचले, परंतु पायाचा अंगठा गेला. आमच्या तालुक्यात धोंदलगावला २०२४ मध्ये, शेतीपंपांना दिवसा वीज देणाऱ्या सौर कृषी वाहिनी योजनेचा, ३ मेगावॉटचा प्रकल्प सुरू झाला. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरी असा अंगठा आहे त्याला विचारा. कोळसापट्ट्याचा प्रश्न सुटेपर्यंत आम्ही रात्रीच पाणी द्यायचे का?

वर्धाकाठ :
असे मी कुठेही लिहिलेले नाही. आपल्या वडिलांचे वाचून वाईट वाटले, मात्र माझ्या तोंडी न बोललेले शब्द घालू नका.

ताळेबंद :
दोघांचे भांडण ज्या पैशावरून आहे तो पैसा गोळा झाला होता. २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर बसला आणि २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. उद्देश नावातच होता. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि तोच उपकर राज्यांच्या महसुली नुकसानभरपाईकडे वळवला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये उपकर रद्द करून कोळशावरील कर ५ टक्क्यांवरून १८ टक्के केला. आता ती रक्कम सर्वसाधारण महसुलात जाते. २०१० मध्ये ज्या कारणासाठी कर घ्यायला सुरुवात झाली, त्या कारणाचा आज कोणत्याही टप्प्यावर उल्लेख नाही. मला याचा मनापासून संताप येतो.

नागपूरकर :
चंद्रपूरला काहीच मिळत नाही, असे चित्र रंगवू नका. खाण कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने झाली. जुन्या खाणपट्ट्यांकडून स्वामित्वधनाच्या (खनिज काढल्याबद्दल सरकारला द्यायच्या रॉयल्टीच्या) ३० टक्के आणि लिलावातील खाणपट्ट्यांकडून १० टक्के रक्कम खाणबाधितांसाठी जमा होते. खाणी नसलेल्या जिल्ह्यांना असा हक्काचा निधी नाही.

वर्धाकाठ :
हीच तर अडचण आहे. तो निधी खाण चालू आहे तोवरच येतो. ज्या दिवशी कोळसा निघणे थांबेल त्या दिवशी स्वामित्वधन थांबेल, म्हणजे पैशाची गरज सर्वांत मोठी असेल तेव्हाच पेटी रिकामी होईल. रेल्वेचेही तेच : मालवाहतुकीच्या वजनात निम्म्याच्या आसपास कोळसा असतो आणि त्या उत्पन्नावर प्रवासी भाडे आटोक्यात राहते. कोळशाने किती घरे तोलून धरली आहेत, हे नागपुरात बसून दिसत नसेल.

नागपूरकर :
गावावरून टोमणे नकोत. मुद्दा मात्र बरोबर आहे. निधीचा काही भाग आतापासूनच खाण बंद झाल्यानंतरच्या काळासाठी राखून ठेवायला हवा, एवढे मी मान्य करतो. त्यापुढे नाही.

दोन मुलांची आई :
मीही कोळसापट्ट्यातच राहते. सकाळी पुसलेला खिडकीचा कठडा दुपारी बोटाला काळा लागतो. धाकट्याच्या दप्तरात पाण्याच्या बाटलीशेजारी इन्हेलर असतो आणि तो कधी ओढायचा हे त्याला सातव्या वर्षी कळते. वर्धाकाठ, आपण रोजगार मोजलात, निधी मोजला, रेल्वे मोजली. हा खर्च कोणत्या रकान्यात लिहिला? स्वस्त कोळसा म्हणता, तेव्हा त्याची किंमत आमच्या घरांनी भरलेली असते.

वर्धाकाठ :
तो मी लिहिला नाही, हे खरे आहे. वडील अखेरची सहा वर्षे उशी उंच करून बसल्या बसल्या झोपत, तरीही लिहिला नाही. कोळसा कायम राहावा अशी माझी मागणी नाही. खाण बंद होण्याची तारीख ठरवा, माझी हरकत नाही. पण ज्या शासन निर्णयात ती तारीख असेल, त्याच निर्णयात पैसा कुठून येणार आणि हजेरीपटावर नसलेल्यांची यादी कोण करणार, हेही असले पाहिजे.

वैजापूरचा शेतकरी :
या अटीला माझा पाठिंबा आहे. एक गोष्ट मीही आधी सांगायला हवी होती. सौर प्रकल्पाला जमीन दिली की मालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे मिळते, पण त्याच रानात खुरपणीला येणाऱ्या बायकांची मजुरी बुडते. त्यांचीही नावे कुठल्या कागदावर नाहीत. आपल्या मेहुण्यांच्या यादीत त्यांना जागा द्यावी लागेल.